हेडफोन घ्यायच्या आधी पिन बघा



जुन्या कॅसेटवरची प्रवचनं ग्रुपवर यायला लागली तसे मला फोनही यायला लागले. "ताई, आवाज नीट येत नाही, कोणता हेडफोन घेऊ?" उत्तर द्यायच्या आधी माझी फजिती ऐका.

आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. एक दिवस म्हणाल्या, "अगं, यात कोणी बोलतच नाहीये, नुसती सरसर येतेय." मी कानाला लावलं तर मलाही तेच. म्हटलं हेडफोन गेला. जेल रोडवरून साडेचार हजारांचा आणला, दुकानदार म्हणाला याचा बास जबरदस्त आहे. घरी तीच सरसर! आईंनी मग ऐकणंच सोडलं. "माझे कान गेले, पैसे नको घालवू," म्हणून संध्याकाळी गप्प बसायच्या. तीन आठवडे असे गेले. एकदा फोन पुसायला कव्हर काढलं आणि तशीच पिन लावली, तर आवाज स्वच्छ!

कारण असं. पिनेवर काळ्या रेघा असतात, दोन किंवा तीन (तीन म्हणजे माइकसकट). रेघांमधल्या भागांतून डाव्या कानाचा आवाज, उजव्या कानाचा आवाज आणि परतीची तार अशी जोडणी होते. जाड कव्हरमुळे पिन पूर्ण आत गेली नाही, की परतीची तार टेकत नाही. मग कानात फक्त डाव्या-उजव्यातला फरक पोचतो. बोलणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, त्यामुळे तोच नेमका खोडला जातो आणि टेपची सरसर उरते. गाण्यात असं झालं तर गायिका गायब आणि वाद्यं शिल्लक. भोकात कापसासारखा कचरा साठला तरी हेच होतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई घालू नका.

हे बघूनही घ्यायचाच असेल तर बासच्या मागे लागू नका. स, श, फ, त हे उच्चार बारीक, उंच पट्टीचे असतात आणि वयाप्रमाणे आधी तीच पट्टी ऐकू येईनाशी होते. त्यावर बास वाढवला की बोलणं गोधडीतून आल्यासारखं वाटतं. दुकानात गाणं नको, आपलंच एखादं प्रवचन लावून बघा. कानात घालायचे असतील तर रबरी टोप्या तीन मापांच्या मिळतात, त्या बदलून बघा. टोपी सैल असेल तर महागडाही पोकळ वाजतो.

खोक्यावर ओहम लिहिलेलं असतं. १६ ते ३२ असेल तर फोनला साधारण झेपतं. २५० किंवा ३०० ओहमचे स्टुडिओवाले हेडफोन फोनवर पुटपुटतात, त्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. ते आपलं काम नाही.

ज्यांच्या फोनला गोल भोकच नाही (आयफोनने २०१६ मध्ये काढलं, मग बाकीच्यांनीही) त्यांना छोटी जोडतार लागते. इथे फसगत होते. दिसायला सारख्या, पण एकीत नुसती तार असते आणि दुसरीत डॅक नावाची चिप, जी फोनमधल्या आकड्यांचा आवाज करते. नुसत्या तारेवाली काहीच फोनांत चालते. "यात डॅक आहे का?" विचारा आणि स्वतःच्या फोनला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कॅसेटवरून उतरवलेल्या आवाजाला महागडा डॅक घेऊन काही वाढत नाही.

ब्लूटूथवाल्यांनी एलडॅक वगैरे नावांवर जादा पैसे देताना बघावं, फोन आणि हेडफोन दोघांनाही ते यावं लागतं. आयफोनला येत नाही, त्याचं एएसी पर्यंतच. भाषणाला तेवढं पुष्कळ होतं.

आवाज फोनच्या साठ टक्क्यांपर्यंत ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास एवढी मर्यादा सांगते, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. त्यापेक्षा मोठा लागत असेल तर हेडफोनच्या दुकानात नाही, कानाच्या डॉक्टरांकडे जा. आम्ही गेलो, तेव्हा कळलं की आईंचा उजवा कान खरंच कमी आहे. मग फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' चालू केलं. दोन्ही बाजूंचा आवाज डाव्या कानातही पूर्ण येतो. फुकट सोय आहे, आणि आम्हाला माहीत नव्हती.

एक विनंती. एका फोनच्या स्पीकरवर लावून दुसऱ्या फोनवर व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून पुढे पाठवू नका. पंखा, कुकर सगळं येतं त्यात. मूळ फाइलच फॉरवर्ड करा. आणि मला फोन करायच्या आधी कव्हर काढून एकदा पिन लावून बघा. तरी जमलं नाही तर पिनेचा आणि फोनच्या भोकाचा, दोन्ही फोटो ग्रुपवर टाका.