कागदी पाने नकोत, भोंडला घ्या

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिच्या शाळेत ‘ऑटम वीक’ आहे आणि पालकांनी एक उपक्रम घ्यायचा आहे. मेपलची केशरी कागदी पाने कापून नेऊ का?
– एक आई, लखनौ

उत्तर : नको. लखनौत पिंपळ-कडुनिंबाची पानगळ होते ती फाल्गुन-चैत्रात. ऑक्टोबरातली ती केशरी पाने मुलांना फक्त चित्रांतच दिसणार! तिथला शरद म्हणजे पहाटे पडलेला प्राजक्ताचा सडा (तिकडे हरसिंगार म्हणतात) आणि बाजारात आलेले शिंगाडे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बालवाडी चालवली, ती अशाच भोवतालच्या वस्तूंवर.

तुम्ही शरदातलाच भोंडला घ्या. पाटावर खडूने हत्ती काढा आणि त्याला प्राजक्ताची फुले मुलांनाच वाहू द्या. फुलाचा केशरी देठ कागदावर घासला की पिवळा रंग उमटतो. तेवढ्यावर मुले रमतात. मग फेर धरा. गाणे मराठी असले तरी बिघडत नाही, या वयाची मुले ठेका आधी पकडतात. शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायला लावा. खिरापतीला उकडलेला, सोललेला शिंगाडा बारीक चिरून न्या. शेंगदाणे, फुटाणे मात्र नकोत, घशात अडकतात. कुणाला कशाची ॲलर्जी आहे का, हे शाळेतल्या ताईंना आधी विचारा.

इतर पालकांना खर्चाचे काही सांगू नका. ज्यांना रजा मिळत नाही, त्यांच्या घरच्या आजी-आजोबांना बोलवा. फेरासाठी तिथली अवधी गाणी त्यांनाच येतात.