जुनी बोलेरो आणि काळं रान

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात एका बागायतदाराने जुनी बोलेरो घेतली, त्यात हौस होती तशी गरजही होती. वस्तीकडे जाणारी पाणंद पावसाळ्यात बंद पडायची आणि दूध, खत, आजारी माणूस सगळं ट्रॅक्टरवर अवलंबून असायचं. गाडी दारात आल्याबरोबर तिला उंच करायचं काम निघालं. मागच्या पाट्यांना लांब शॅकल लागले, पुढे स्प्रिंगखाली स्पेसर गेले, चाकांवर ३१ इंची टायर चढले आणि समोर जाड लोखंडी बंपर आला. हातातला पैसा एवढ्यातच संपला. ब्रेक, रेडिएटर आणि चासी होती तशीच राहिली.

पहिल्या दमदार पावसात गाडी पाणंदीच्या तोंडाशीच रुतली आणि ट्रॅक्टरने टोचन करून बाहेर काढावी लागली. पुढे महामार्गावर ब्रेक दाबला की गाडी पूर्वीपेक्षा लांब जाऊन थांबू लागली. साठच्या वर वेग गेला की खालून थरथर यायची. पासिंगची वेळ आली तेव्हा बंपर आणि टायर उतरवून मूळचे बसवावे लागले. आज हा बागायतदार जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला कामांचा उलटा क्रम सांगतो: आधी रस्ता, मग कागद, मग सांगाडा आणि उंची सगळ्यात शेवटी. सोलापूर जिल्ह्यात हा क्रम का लागू पडतो, हे एकेका टप्प्यावर समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात मातीपासून करावी लागते. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या इथल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणद्रव्य असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, उन्हात आकसतं आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिजलेली ही माती टायरच्या खाचांत गच्च बसते. खाचा भरल्या की भारीतला मड टायरही गुळगुळीत टायरसारखाच फिरतो. शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही आणि गाडीलाही तोच नियम लावावा. सोलापुरात सर्वाधिक पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो. त्या दिवसांत चिबड रानातून जायची रोजची गरज असेल तर चारही चाकांना ताकद देणारी गाडीच मुळात शोधावी. बहुतेक बोलेरोंची फक्त मागची चाकं ओढतात. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत किंवा चिखलात सुटलं की तेच गरगरतं आणि कोरड्यावरचं चाक उभं राहतं. अशा गाडीला नंतर फोर-व्हील ड्राइव्ह बसवण्यापेक्षा कंपनीतूनच तशी आलेली थार, जिप्सी, स्कॉर्पिओ किंवा सफारी घेणं पैशाने आणि कायद्यानेही सोपं पडतं.

गरज मुरमाड रस्ता, खडी, ओढ्याचा कोरडा पाट आणि खड्डे एवढीच असेल, तर साधी बोलेरोही उत्तम चालते. २००० साली आलेलं हे मॉडेल अजून बनतं. त्यामुळे सुटे भाग आणि ते बसवणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही मिळतात. सुमोचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. तिच्या बाबतीत भाग मिळतील का, याची चौकशी गाडी घेण्याआधीच करावी.

कागदांचा टप्पा लोक टाळतात आणि तोच सर्वात महाग पडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही सांगतं. लोखंडी बुलबारवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. असा बार पादचाऱ्याला जबर इजा करतो आणि एअरबॅग असलेल्या गाडीत तिच्या सेन्सरच्या कामात अडथळा आणू शकतो.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं उदाहरण अनेकांना आठवत असेल. देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांपासून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. आनंद महिंद्रा यांनी त्यांच्या कल्पकतेचं मनापासून कौतुक केलं. ही गाडी नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या रस्त्यावर थांबवली जाईल, हेही त्यांनी सांगितलं आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. एवढ्या हुन्नराच्या कामालाही रस्त्यावर मुभा मिळणार नव्हती, हे बाजारातून किट आणून बसवणाऱ्याने ध्यानात घ्यावं.

जुन्या गाडीला वयाचाही हिशेब असतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. हलक्या मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं आणि २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने १०,००० रुपये. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. म्हणून एमएच १३ ची गाडी पाहताना नोंदणी कधी संपते, हा पहिला प्रश्न विचारावा. कोणताही बदल करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी चौकशी करावी. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावा अडकू शकतो आणि तेव्हा हातात काहीच नसतं.

मग गाडी जॅकवर घेऊन खालून पाहावी. चासीच्या आतल्या कोपऱ्यांत साठलेली काळी माती महिनोन् महिने ओल धरते आणि तिथूनच गंज धरतो. पाट्यांचे हँगर, स्टीअरिंग बॉक्सची जागा आणि मागची आडवी पट्टी हातोडीने हळू ठोकून पाहावी. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर ती गाडी सोडून द्यावी. नव्या रंगाखाली वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर भाव न करताच परत फिरावं. चासी धडधाकट असेल तर बुश, बॉल जॉइंट, टायरॉड एंड, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, चाकांचे बेअरिंग आणि शॉकअप बदलण्यासाठी पैसा बाजूला काढावा. ब्रेकचे होज, लायनर आणि मास्टर सिलिंडर यांत काटकसर करू नये. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीच्या वर असतो आणि खडतर वाटेवर पहिल्या गिअरमध्ये रेडिएटरला वारा मिळत नाही. रेडिएटरची आतून सफाई, पाण्याचे पाइप, थर्मोस्टॅट आणि पंखा ही कामं टायरच्या आधीची आहेत.

टायरच्या बाबतीत थोडं गणित करावं. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर भरतो. २३५/७५ आर १५ घातला तर तो ७३३ होतो, म्हणजे गाडी १५ मिलिमीटर उचलते आणि काट्यावर ८० दिसताना खरा वेग ८३ च्या पुढे असतो. ३१ इंची टायरचा व्यास ७८७. गाडी ४२ मिलिमीटर उचलते खरी, पण काटा ८० दाखवताना ती ८९ च्या वर धावत असते. मोठं आणि जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो आणि चढावर पहिला गिअरही अपुरा वाटू लागतो. मोहोळच्या बोलेरोचं थांबण्याचं अंतर असंच वाढलं होतं. बहुतेकांना मूळ मापातला चांगला ऑल-टेरेन टायर पुरतो. मऊ जमिनीवर हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवावी, वेग अगदी कमी ठेवावा आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी कॉम्प्रेसरने ती पूर्ववत भरावी.

स्प्रिंग उंच केल्याने बॉडी वर जाते, पण मागच्या हौजिंगचा गोळा जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो. दगड आधी त्यालाच लागतो. शाफ्टचा कोन बिघडतो, क्रॉस लवकर झिजतात आणि थरथर सुरू होते. गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे बांधावरून तिरकं उतरताना गाडी कलंडायचा धोकाही वाढतो.

सुटकेचं सामान स्वस्त असतं आणि सर्वाधिक उपयोगी पडतं. क्षमता छापलेला ओढपट्टा, दोन डी-शॅकल, फावडं, जॅकखाली ठेवायला जाड फळी आणि हवेचा गेज एवढं गाडीत असावं. पट्टा चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावावा, बंपरला कधीही लावू नये. ताणलेल्या पट्ट्यावर मध्यभागी जड सोलापुरी चादर टाकावी आणि माणसांना लांब उभं करावं. तुटलेला पट्टा किंवा सुटलेला शॅकल जीव घेऊ शकतो.

पाण्याबद्दल वेगळं आणि ठासून सांगायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेला पूर या जिल्ह्याने अनुभवला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या इशाऱ्यानुसार फूटभर वाहतं पाणी लहान मोटारी वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक वाहनांना. स्नॉर्कल इंजिनात पाणी शिरू देत नाही, पण तरंगणाऱ्या गाडीला ते धरून ठेवू शकत नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबावं. साध्या डबक्यातून गेल्यावरही डिफरन्शियलचं तेल तपासावं. ते ताकासारखं पांढुरकं दिसलं तर लगेच बदलावं.

तयार गाडी कुठे न्यायची, हेही आधी ठरलेलं असावं. नान्नजचा माळ मोकळा दिसतो म्हणून तिथे गाडी घालणं गुन्हा आहे. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या त्या माळढोक अभयारण्याच्या गवताळ रानात काळवीट आणि लांडगे राहतात आणि माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. सरावासाठी स्वतःचं किंवा परवानगी घेतलेलं पडीक रान निवडावं, सोबत दुसरी गाडी किंवा ट्रॅक्टर ठेवावा आणि पहिल्या फेऱ्या उन्हाळ्यातच कराव्यात. म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी कोणता भाग सैल झाला, कुठे गळती आहे आणि कुठे गाडी घासते, हे कळतं आणि गॅरेजमध्ये द्यायला हातात काही आठवडे उरतात.