छाप्यावरील छापा

१९७१ साली मुंबईहून येणारी पत्रे ज्यांनी पाहिली त्यांना पाच पैशांचे एक जादा तिकीट आठवत असेल. पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ते लावावे लागे. नवी तिकिटे छापण्यास सवड नव्हती, म्हणून कुटुंबनियोजनाच्या जुन्या तिकिटांवरच 'रेफ्युजी रिलीफ' ही अक्षरे उमटविली गेली. कित्येक ठिकाणी तर साध्या रबरी शिक्क्याने काम भागविले. छापलेल्यावर पुन्हा छापणे ते हेच.

आपण राहतो त्या अमेरिकेतही असे घडले आहे. टपाल कचेऱ्यांतून तिकिटे चोरून ती परराज्यात विकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून १९२९ साली कॅन्सस व नेब्रास्का या राज्यांची संक्षिप्त नावे तिकिटांवर छापली गेली. चोरीचा माल नावावरून ओळखू यावा हा हेतू.

याहून मोठा प्रसंग हवाईचा. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर बेटे शत्रूच्या हाती पडली तर तेथील डॉलरही त्याला मिळतील आणि तो ते जगभर वापरील, ही भीती होती. म्हणून जानेवारी १९४२ मध्ये लष्करी गव्हर्नरांनी लोकांकडील जादा रोकड परत मागविली. जून महिन्यात १, ५, १० व २० डॉलरच्या नव्या नोटा निघाल्या. त्यांवर तपकिरी मोहोर, दर्शनी बाजूस दोन्ही कडांना उभे 'हवाई' आणि पाठीमागे तेच नाव मोठ्या अक्षरांत. बेटे गेलीच असती तर तेवढ्याच नोटा रद्द ठरविता आल्या असत्या. गोळा झालेल्या सुमारे २० कोटी डॉलरच्या जुन्या नोटा जाळून टाकल्या. त्यासाठी स्मशानातील भट्टी व साखर कारखान्याची भट्टीही वापरली.

आणि मे १९४८! इस्राएलचे राज्य जाहीर होण्याच्या सुमारास स्वतःची तिकिटे हाती नव्हती. तेव्हा ज्यू नॅशनल फंडाच्या देणगीच्या चिकटपट्ट्यांवर 'दोआर', म्हणजे टपाल, हा हिब्रू शब्द छापून पत्रे रवाना झाली.

यांपैकी काही प्रसंगांत वेळ थोडा होता आणि नवे छापण्याची सवड नव्हती. म्हणूनच अशा कागदावर त्या काळची घाई, भीती आणि आशा जशीच्या तशी उमटलेली दिसते.

आता कामाची गोष्ट. घर बदलताना आईवडिलांच्या ट्रंकेतील जुनी पाकिटे आपण टाकून देतो. आमच्यापैकी काहींनी तसे केले, आणि आज हळहळतो. तिकीट पाकिटावरून कापू नका, कारण टपालाच्या शिक्क्यावरील तारीख हाच खरेपणाचा पुरावा. कॅन्ससच्या तिकिटांवर खोटे छापे मारणारे पुष्कळ झाले. शिक्का १९२९ पूर्वीचा असेल तर ते नाव मागाहून कोणी छापले हे उघड आहे. पाकिटे कोरड्या जागी ठेवा आणि ती कोणी, कोठून पाठविली हे मुलांना आजच सांगा. तेवढे मात्र पाकिटावर छापलेले नसते.