बाटलीवरचा नंबर

तण म्हणजे बागेतलं नको असलेलं गवत. ते मारायचं औषध तुमच्या घरी आहे का? लेबलवर ‘ग्लायफोसेट’ लिहिलंय का, बघा.

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने म्हटलं, यामुळे बहुधा कर्करोग होतो. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने म्हटलं, तशी शक्यता कमी आहे. असं कसं? पहिलीने सर्वांना वाचता येणारं संशोधन तपासलं. दुसरीने कंपन्यांचे अहवालही पाहिले.

२०२३ मध्ये युरोपीय संघाने ग्लायफोसेटला आणखी १० वर्षं परवानगी दिली. तरी आयर्लंडमध्ये असं औषध विकायला कृषी खात्याची मंजुरी लागतेच. लेबलवर ‘पी.सी.एस.’ नंबर असतो. तो आई-बाबांबरोबर शोधा.

परवानगी आहे म्हणून निष्काळजी राहू नका. बाटली मोठ्यांनाच हाताळू द्या.

प्रश्न: दोन संस्थांची मतं वेगळी का झाली?