हात आखडावा कोठें आणि सोडावा कोठें



वाशीम जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरीं पैसा वर्षांतून फार तर दोन-तीन वेळां येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतें तेव्हां एकदां, पुढें कापूस वेंचला जाईल तसतसा थोडा थोडा, आणि पौष-माघांत तूर घरीं आली म्हणजे पुन्हां एकदां. खर्च मात्र बारा महिने चालू असतो, आणि त्यांतला मोठा भाग, म्हणजे बियाणें, खत, मुलांच्या वह्या व शाळेचा कपडालत्ता, हा नेमका जून महिन्यांत, घरांत कांहींच नसतांना, दारांत उभा राहतो. म्हणून आमच्याकडे काटकसर हा शब्द कोणास शिकवावा लागत नाहीं. शिकावयाचें आहे तें निराळें. कोणत्या ठिकाणीं हात आखडला असतां घर वांचतें, आणि कोणत्या ठिकाणीं आखडला असतां घर बुडतें, हें ओळखणें कठीण आहे.

ह्याचा चांगला पाठ बियाण्याच्या पिशवींत सांपडतो. सोयाबीनचें फूल आपल्याच परागानें फळतें. त्यामुळें घरच्या दाण्यापासून वाण बहुधा जशाचा तसा उगवतो, आणि एकदां घेतलेलें चांगलें बियाणें दोन-तीन वर्षें घरचेंच वापरतां येतें. एकरीं सुमारें 30 किलो बीं लागतें. बाजारांतील पिशवीचा भाव घरच्या दाण्याच्या भावाच्या दुपटीच्या घरांत जातो, तेव्हां येथें वांचविलेला पैसा हा खराखुरा वांचलेला पैसा होय. परंतु ह्या बचतीला एक अट आहे. सोयाबीनच्या दाण्याची साल फार पातळ असते. मळणीयंत्र वेगानें फिरविलें, पोतीं आपटलीं, किंवा एकावर एक उंच थप्पी लावली, कीं आंतला अंकुर मरतो आणि दाणा वरून जसाच्या तसा दिसतो. म्हणून पेरणीपूर्वीं 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटांत ओळीनें मांडावे, गुंडाळी करून सावलींत ठेवावी, पाणी शिंपडीत राहावें, आणि आठवड्यानें उघडून मोजावे. 70 किंवा अधिक उगवले तर निर्धास्त पेरावें. साठ-पासष्ट उगवले तर त्या मानानें बीं वाढवावें. त्याहून फारच कमी उगवले तर तें बीं बाजारांत धान्य म्हणून घालावें आणि नवें घ्यावें. ह्या परीक्षेस एक पैसा लागत नाहीं. ती न केल्यास दुबार पेरणी करावी लागते, आणि तींत बीं, ट्रॅक्टरचें भाडें व मजुरी हीं तर जातातच, पण पावसाळ्याचे जे दहा-पंधरा दिवस जातात ते कोणत्याही दुकानीं मिळत नाहींत.

कापसाचें तसें नाहीं. भारतांत 2002 सालापासून लावूं दिलेला बीटी कापूस आमच्याकडे संकरित वाण म्हणून येतो. त्याची सरकी ठेवून पुढील वर्षीं लावली तर झाडें सरमिसळ निघतात; एक उंच, एक खुजें, एकास बोंडें, दुसऱ्यास नुसता पाला. तेथें घरचें बीं वापरून पैसे वांचविले असें जो म्हणतो त्यानें वर्ष गमावलेलें असतें. तसेंच, बिनपावतीचें पाकीट स्वस्त मिळालें म्हणून आनंदानें घरीं आणणारे पुष्कळ आहेत. न उगवल्यास तक्रार करावयाची तर पावती, रिकामी पिशवी आणि तिच्यावरील चिठ्ठी हीं लागतात. पावती ही त्या मालाचा एक भागच आहे, ती सोडून देणें म्हणजे माल अर्धा सोडून देणें होय. तेव्हां पाहा, शेत एकच, शेतकरी एकच, महिना तोच. एका पिकाला हात आखडणें शहाणपणाचें आणि दुसऱ्याला तेंच नुकसानीचें.

ह्या बाबतींत वऱ्हाडच्या एका पुत्राचें चरित्र आमच्या उपदेशक बंधूंनीं अवश्य पाहावें. गाडगे महाराज आमच्या मंडळीचे नव्हते. परंतु घरखर्चाविषयीं खेड्यांतील माणसाशीं त्यांच्याइतकें रोकडें बोलणारा दुसरा सांपडणें कठीण. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें 23 फेब्रुवारी 1876 रोजीं त्यांचा जन्म झाला. बाप दारूपायीं गेला. मूल मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुऱ्यास, मामाच्या घरीं, वाढलें, आणि तेथें त्यानें सावकाराच्या कर्जांत मामाची जमीन जातांना डोळ्यांनीं पाहिली. पुढें स्वतःच्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांच्या रीतीप्रमाणें मांस व दारू न देतां त्यांनीं गोडाचें जेवण घातलें. आज ही गोष्ट लहान वाटते. ज्यानें भाऊबंदांच्या पंगतींत मान खालीं घालून बसण्याचा प्रसंग कधीं अनुभवला आहे, त्याला ती लहान वाटणार नाहीं.

1905 सालीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्या, एका हातांत खराटा, दुसऱ्या हातांत मातीचें गाडगें. कीर्तनांत ते कर्ज काढून सण व लग्न करणाऱ्यांना खडसावीत, आणि घरांतील भांडीं मोडावीं लागलीं तरी चालेल पण मुलाला शाळेंत घाला, असें सांगत. आतां हाच माणूस खर्च कोठें करीत असे? नाशिक, पंढरपूर, आळंदी येथें त्यांनीं परक्या यात्रेकरूंसाठीं पक्क्या धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं 1949 सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवालीं केली. ते 20 डिसेंबर 1956 रोजीं वारले. ह्या माणसाला कंजूष म्हणणें शक्य नाहीं, आणि उधळ्या म्हणणेंही शक्य नाहीं. स्वतःसाठीं फुटकें गाडगें त्यांना पुरे वाटे, पण दुसऱ्याच्या निवाऱ्याला कच्ची भिंत त्यांना चालत नसे.

शास्त्राभ्यास करणाऱ्यांनीं योहानाचा 6 वा अध्याय आणि मार्काचा 14 वा अध्याय शेजारीं ठेवून वाचावे. पहिल्यांत पांच हजार जेवल्यावर उरलेले तुकडे वेंचून ठेवण्याची आज्ञा आहे, आणि बारा टोपल्या भरतात. दुसऱ्यांत एका स्त्रीनें सुगंधी तेलाची कुपी फोडली, जिची किंमत तीनशे दीनारांहून अधिक, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. भोंवतालच्यांनीं तिला नासाडी म्हटलें, पण प्रभूनें तिची बाजू घेतली. तुकडा वेंचावयास सांगणारा आणि कुपी फोडूं देणारा एकच आहे. रक्कम लहान कीं मोठी ह्यावरून त्यानें निवाडा केलेला नाहीं.

आतां लग्नाकडे वळूं. ह्या विषयावर उपदेश करणें सोपें, म्हणून पुष्कळ होतो, आणि त्याचा उपयोग फार थोडा होतो. गरीब कुटुंब मोठी पंगत हौसेनें घालतें असें नव्हे. बहुतेक वेळां तें भीतीनें घालतें. ज्यांनीं आपल्या भाऊबंदांपासून वेगळी वाट धरली, त्यांना तर ही भीति दुप्पट असते: पाहुणे म्हणतील, ह्यांनीं वाट सोडली आणि ह्यांचें घरही लहान झालें. ती भीति खरी आहे, तिला हंसूं नये. परंतु तिची किंमत मोजून पाहावी. गांवांतील खाजगी उसनवारी पुष्कळदां महिना शेंकडा 5 ह्या दरानें होते. अशा दरानें 50,000 रुपये काढले तर महिना 2,500 रुपये केवळ व्याज. वीस महिन्यांत मुद्दलाइतकें व्याज दिलें जातें आणि मुद्दल आहे तसेंच उभें. उलट महाराष्ट्रांत बँकेचें 3 लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळें शेतकऱ्यास व्याज पडत नाहीं. मात्र तेंच पीककर्ज मांडवांत घातलें तर पेरणीस पुन्हां सावकाराचें दार, आणि मुदत चुकल्यामुळें सवलतही गेली.

एकट्या घरानें पंगत कमी केली तर नांवें ठेवतात. सगळ्या मंडळीनें मिळून केली तर कोणी कोणास नांव ठेवावयाचें? पंचांनीं सर्व लग्नांसाठीं एकच जेवण ठरवावें: पोळी, भाजी, वरण-भात, एक गोड. मोठीं पातेलीं, परातीं, सतरंज्या मंडळीनें एकदां विकत घेऊन ठेवाव्या, म्हणजे त्यांचें भाडें दर लग्नाला पडणार नाहीं. येथें पैसा खर्चणें हीच काटकसर आहे.

परंतु ज्या काटकसरीविषयीं मला विशेष लिहावयाचें आहे ती कोणी बोलून ठरवीत नाहीं. ती घरांतील बाईच्या ताटांत होते. पुरुष जेवतात, मुलें जेवतात, आणि शेवटीं तिच्या वांट्यास भाकरी, मिरचीचा ठेंचा आणि पातेल्याच्या तळचें वरणाचें पाणी उरतें. हिशेबाच्या वहींत ही बचत लिहिलेली नसते. ती दिसते बाळंतपणाच्या वेळीं, जेव्हां डॉक्टर रक्त आणावयास सांगतात. तूर पिकविणाऱ्या जिल्ह्यांत असें व्हावें ही लाजेची गोष्ट आहे. पांच माणसांच्या घराला माणशीं रोज 50 ग्रॅम डाळ धरली तर वर्षाला सुमारें 91 किलो डाळ लागते, म्हणजे सव्वा क्विंटलाच्या वर तूर. सगळी तूर एकदम विकून नंतर तीच डाळ दुकानांतून पाव-पाव किलो आणणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार आहे. एवढी तूर आधीं बाजूला काढावी, मग पोतीं गाडींत घालावीं. गर्भवतीला लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट मिळतात. त्या आणून डब्यांत ठेवूं नयेत, खाव्या. मीठही आयोडीनयुक्तच घ्यावें. बिनआयोडीनचें मीठ खाण्यासाठीं विकण्यास 2006 सालापासून मनाई आहे, आणि दोहोंच्या किमतींतील फरक एका घराला महिन्याकांठीं जाणवणारही नाहीं.

दिव्याचें एक गणित सांगून पुढें जातों. 60 वॅटचा जुना दिवा रोज पांच तास जळत असेल, आणि त्या जागीं 9 वॅटचा एलईडी लावला, तर वर्षाला सुमारें 93 युनिट वीज वांचते. तो पैसा विजेरीला घाला. सोयाबीनच्या शेतांत रात्रीं मोटार लावावयास अनवाणी व अंधारांत जाणारा जो पैसा वांचवितो, त्यावर घरच्या चार माणसांचें आयुष्य टांगलेलें असतें. साप चावल्यास भगताकडे न जातां सरळ सरकारी रुग्णालयांत न्यावें. विषावरील लस तेथें फुकट मिळते. ह्या वेळीं गाडीभाड्याचा विचार करणाऱ्याला मंडळीनें आधीं गाडीत बसवावें, मग भाड्याचा विचार मंडळीनेंच करावा.

मीही कांहीं ह्या विषयांत उत्तीर्ण नाहीं. एका वर्षीं सवंगणी होऊन सोयाबीनची गंजी शेतांत लावलेली होती. घरची ताडपत्री दोन ठिकाणीं फाटलेली. पत्नी म्हणाली, नवी घ्या. आकाश निरभ्र होतें, आणि मला किंमत जास्त वाटली. दिवाळीच्या तोंडावर दोन दिवस पाऊस लागला. गंजीच्या वरचा भाग काळा पडला, मधल्या शेंगांना कोंब आले, आणि बाजारांत व्यापाऱ्यानें मूठभर दाणे हातांत घेऊन परत पोत्यांत टाकले. त्या दिवशीं जें कमी आलें त्यांत चार ताडपत्र्या आल्या असत्या. आतां घरांत जाड ताडपत्री आढ्याला गुंडाळून टांगलेली असते. सवंगणीच्या दिवसांत शेजारी ती मागावयास येतात, आणि कोणाच्या गंजीवर ती आज आहे हें आमच्या घरीं पत्नीच लिहून ठेवते. मला तें काम तिनें दिलेलें नाहीं.