चाचणीत दाखल होणाऱ्यांच्या घरच्यांसाठी

माझ्या थोरल्या बंधूंचा फुप्फुसाचा कर्करोग केमोथेरपीने काही काळ दबून पुन्हा बळावला, तेव्हा इम्युनोथेरपीच्या एका चाचणीत दाखल होण्याविषयी त्यांना विचारण्यात आले. आशेला आधार होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पूर्वी उपचार घेतलेल्या स्क्वॅमस प्रकारच्या रुग्णांपैकी डोसिटॅक्सेल ही केमोथेरपी घेणारे २४ टक्के, तर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध घेणारे ४२ टक्के वर्षानंतर हयात होते. मात्र उरलेले ५८ टक्के त्या औषधानंतरही गेले, हे त्याच आकड्याचे दुसरे अंग घरच्यांनी मनाशी नीट बाळगले पाहिजे.

क्योतोच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली शोधलेल्या पीडी-१ या प्रथिनाच्या द्वारे कर्कपेशी आपल्या संरक्षक पेशींना आवर घालतात आणि हे औषध तो आवर काढून घेते. परंतु आवर सुटलेल्या त्या पेशी केवळ अर्बुदावरच तुटून पडतील, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. चाचणीत दाखल झाल्यावर बंधू गावी असताना त्यांना जुलाब सुरू झाले. शेवटचे इंजेक्शन होऊन बरेच दिवस लोटले होते, म्हणून त्याचा उल्लेख झाला नाही, आणि तेथील वैद्यांनी अन्न बाधले असे समजून जुलाब थांबवण्याच्या गोळ्या दिल्या. प्रकृती ढासळल्यावर वहिनींनी चाचणीच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला, तेव्हा कुठे हा आतड्याचा औषधजन्य दाह असल्याचे कळले. स्टेरॉइडने तो शमला, पण चाचणीचे औषध कायमचे बंद झाले.

म्हणून माझी कळकळीची विनंती अशी की, संमतिपत्राचा मजकूर घरी आणून सावकाश वाचावा, आणि तुलनेसाठी दुसरे कोणते औषध आहे व कोणाला कोणते मिळणार हे कसे ठरते, ते विचारून घ्यावे. ईजीएफआर व एएलके या जनुकांच्या तपासणीचे अहवाल हाती असल्याखेरीज निर्णय घेऊ नये, कारण असे जनुकीय बदल असलेल्या अर्बुदांवर या औषधाचा परिणाम सहसा कमी होतो. संधिवात किंवा सोरायसिससारखी जुनी व्याधी, चाचणीतून नाव वगळले जाईल या भीतीने, कदापि दडवू नये. चेतवलेली प्रतिकारशक्ती तीच व्याधी उफाळून आणू शकते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचाराची तजवीज औषधचाचण्यांविषयीच्या २०१९ च्या भारतीय नियमांत आहे, आणि केव्हाही माघार घेण्याचा रुग्णाचा हक्क अबाधित असतो.

औषधाचे नाव व चाचणीच्या डॉक्टरांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असावी, आणि जुलाब, नवा खोकला, धाप किंवा कावीळ दिसताच, कोणत्याही गावी, कोणत्याही दवाखान्यात ती प्रथम पुढे करावी. उपचार संपून महिने लोटले तरी ती टाकून देऊ नये, कारण हे दाह तेव्हाही उद्भवतात.