स्ट्रॉबेरीची रोपे वांझ झाली काय?

प्रश्न : महाबळेश्वराहून आणलेल्या स्ट्रॉबेरीच्या रोपांना माघात फळे आली. आता चैत्र उलटल्यावर फुले थांबून दोरीसारख्या लांब फांद्या फुटत आहेत. रोपे वांझ समजून उपटावीत काय?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : मुळीच उपटू नका. आपल्याकडील बहुतेक जाती दिवस लहान आणि हवा थंड असतानाच कळ्या धरतात. दिवस मोठा होऊन उष्मा वाढला की तेच निरोगी रोप फुलोरा आवरून वंशविस्ताराकडे वळते, आणि ज्यांना आपण दोऱ्या म्हणता त्या धावत्या फांद्यांच्या पेरांवर नवी रोपे जन्म घेतात. फळांच्या हंगामात त्या खुडणेच इष्ट, कारण त्या फळांचे पोषण ओढून घेतात. आता मात्र सशक्त रोपाच्या दोन-तीन फांद्या राखून, पेर मातीने भरलेल्या लहान कुंडीत टेकवून तारेच्या आकड्याने दाबावे, आणि मुळे धरल्यावर, साधारण महिन्याभराने, जोडफांदी कापावी. पाने चुरगळलेली वा डागाळलेली असतील त्या रोपाचा वंश वाढवू नये. रोग पिलांतही उतरतो.

दुपारच्या उन्हाला आडोसा करावा, आणि पावसाळ्यात कुंड्या छपराखाली नेण्याची तजवीज आतापासूनच ठेवावी, कारण उन्हाळा सोसलेली रोपे साचल्या पाण्याने हमखास कुजतात. सप्टेंबरअखेर नव्या, निचऱ्याच्या मातीत लावताना पाने जेथून फुटतात तो गड्डा मातीच्या पातळीवरच राहील याची खबरदारी घ्या. पुरला तर तो सडतो, फार वर राहिला तर मुळे सुकतात.